नवी माउंटन बाइक: ॲलॉय, क्रोमोली, कार्बन की टायटॅनियम? (गोव्याची खारी हवा आणि पावसाळा धरून सांगा)

तांबडीमाती
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुमारास नवी माउंटन बाइक घ्यायचं नक्की केलंय. हार्डटेलच (मागे सस्पेन्शन नसलेली) घेणार, २९ इंची चाकं, पुढे १२० मिमीचा सस्पेन्शन फोर्क. इथवर मनात गोंधळ नाही. अडलंय ते फ्रेम कशाची घ्यावी इथे.

राहतो रायबंदरला, मांडवी हाकेच्या अंतरावर. सायकल व्हरांड्यात असते, म्हणजे छप्पर आहे पण वारा खारा. आठवड्यात एक-दोनदा फेरीबोटीने चोडणला किंवा दिवाडीला जातो आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) बांधांवरून फिरतो. रविवारी वाळपईच्या पुढे सत्तरीत, नाहीतर सांगे-केप्यातले जुने खाणरस्ते. पावसाळ्यातही चालवतो, सत्तरी खरी पावसातच बघावी. वजन ८२ किलो. बजेट लाखाच्या आतबाहेर.

ॲलॉय (म्हणजे ॲल्युमिनियमची) तर सगळीकडे मिळते. क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनमवाल्या पोलादाची) फ्रेम मागवून बाकीचे भाग जोडून घेता येतील. बंगळुरातल्या एका मित्राची वापरलेली कार्बन हार्डटेल बजेटमध्ये बसतेय. टायटॅनियमसाठी दोन वर्षं थांबायची तयारी आहे, पण तसं थांबण्यात अर्थ आहे का? ज्यांच्या सायकली इथले चार-पाच पावसाळे खाऊन उभ्या आहेत त्यांचं मत विशेष हवंय.

सांखळीकर
ॲलॉय. पुढचा प्रश्न विचारा. 🙂

कुळागरवाट
सांखळीकर, एवढ्या घाईने निकाल देऊ नका हो!

तांबडीमाती, माझं मत क्रोमोली. ह्या खेळाची सुरुवातच पोलादावर झालीय. १९७७ साली कॅलिफोर्नियात जो ब्रीझ नावाच्या माणसाने डोंगरासाठी म्हणून जी पहिली फ्रेम मुद्दाम बांधली ती क्रोमोलीची होती, आणि १९८१ ची स्टंपजंपर, जी कारखान्यातून मोठ्या संख्येने निघाली, तीही पोलादीच. पातळ नळीची पोलादी फ्रेम चिऱ्याच्या खडबडीत वाटेवर जशी चालते तशी दुसरी चालत नाही. आपटली तर पोचा पडतो, तुटत नाही. आणि तडा गेलाच तर वेल्ड करता येतो. सत्तरीत आडवाटेला सायकल मोडली तर ही गोष्ट मोलाची आहे.

दर्याकाठ
मी वास्कोला जहाजदुरुस्तीत आहे, धातू आणि खारं पाणी हेच रोजचं काम. जरा सविस्तर लिहितो.

कुळागरवाट यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. पोलाद वेल्ड होतं हे खरं, पण चांगल्या क्रोमोलीच्या नळीची भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. गेट-ग्रिलवाल्याने साधी कांडी लावली तर भोक पडेल. टिग वेल्डिंगवाला लागतो आणि पातळ नळीवर हात बसलेला लागतो. असे लोक गोव्यात आहेत, पण ते आडवाटेला भेटत नाहीत. ॲलॉयचं गणित वेगळं. ६०६१ ची (हा ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) फ्रेम वेल्ड झाल्यावर कारखान्यात सुमारे ५३० अंशांवर तापवून पाण्यात बुडवतात, मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर तासन् तास ठेवतात. त्या टी-६ संस्कारातून तिची ताकद येते. बाहेर कुणी नुसती वेल्ड मारली तर त्या जागेची ताकद बरीच उतरते. म्हणजे ॲलॉय फ्रेमला तडा गेला की ती फ्रेम संपली असं धरा.

आता थकवा. पोलाद आणि टायटॅनियम यांना एक मर्यादा असते. तिच्या खालचे धक्के कितीही बसले तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, लहान धक्केही हिशेबात जमा होत राहतात. म्हणून ॲलॉय फ्रेमच्या नळ्या जाड आणि रुंद करतात, म्हणजे प्रत्येक धक्क्याचा ताण मुळातच कमी राहतो. चांगली बांधलेली ॲलॉय फ्रेम त्यामुळे वर्षानुवर्षं चालते. इथे मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही: पोलादाची ती मर्यादा कोरड्या हवेतली आहे. खाऱ्या पाण्यात गंज आणि धक्के एकत्र आले की ती उरत नाही. चोडणच्या बांधावरची क्रोमोली आणि पुण्याच्या टेकडीवरची क्रोमोली यांचं आयुष्य एकसारखं धरू नका.

आणखी एक. नावात क्रोम आहे म्हणून क्रोमोली गंजत नाही असं काहींना वाटतं. ४१३० मध्ये (ही नेहमीची क्रोमोली) क्रोमियम जेमतेम एक टक्का असतं, आणि स्टेनलेस म्हणायला निदान साडेदहा टक्के लागतं. ती गंजते, आणि आतून गंजते. बाहेर रंग चकाचक असतो तेव्हा.

सांखळीकर
म्हणजे ॲलॉयच ना?

दर्याकाठ
सांखळीकर, ॲल्युमिनियमलाही खारं पाणी सोसत नाही. ते लाल होत नाही इतकंच. रंगाखाली फुगवटे येतात, खरवडलं की पांढरी पूड निघते. सगळ्यात वाईट होतं ते दोन वेगळे धातू एकमेकांना टेकतात तिथे. बाटलीच्या स्टँडचे पोलादी स्क्रू आठवा. मधे खारं पाणी आलं की दोघांपैकी एक धातू खाल्ला जायला सुरुवात होते. मॅग्नेशियम सगळ्यात आधी खाल्लं जातं, मग ॲल्युमिनियम, मग पोलाद. टायटॅनियम आणि कार्बन शाबूत राहतात आणि शेजारच्याला खातात.

म्हापशेचा मिस्त्री
दर्याकाठ बाब लाखमोलाचं बोलले. सायकल दुरुस्तीचं माझं दुकान आहे, तिथे काय येतं ते सांगतो.

पावसाळा ओसरला, चवथ (गणेशचतुर्थी) झाली की येणाऱ्या सायकलींत एक गोष्ट ठरलेली: सीटपोस्ट (सीटचा दांडा) जाम. परवाचीच सांगतो. पोलादी फ्रेम, ॲलॉयचा पोस्ट, सायकल मोरजीला किनाऱ्यालगत ठेवलेली. क्लँप सैल केला, पोस्ट जागचा हलेना. नळीच्या तोंडाशी पांढरी भुकटी, तिच्यात तांबूस रेघ. रात्रभर आत उतरणारं तेल सोडून ठेवलं, सकाळी सीट काढून पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरलं आणि अख्खी फ्रेम हातात घेऊन फिरवली. कर्रर्र असा आवाज आला आणि पोस्ट बाहेर आला तो वरून गुळगुळीत आणि खाली बोटभर जागेत खड्डे-खड्डे. वरच्या भागाला ग्रीस होतं. खाली ते पोचलंच नव्हतं.

पोलादी फ्रेमला निदान शेवटचा उपाय असतो. ॲलॉयचा पोस्ट कॉस्टिक सोड्याने विरघळवता येतो, पोलादाला तो काही करत नाही. (घरी करू नका. डोळ्यांचा धोका आहे, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.) ॲलॉय फ्रेममध्ये ॲलॉय पोस्ट अडकला तर तोही मार्ग बंद, कारण सोडा फ्रेमच खाईल. मग आतून कापत बसायचं.

माझं म्हणणं, फ्रेम कसली हे दुसरं. पोस्ट, बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाचं बेअरिंग) आणि हेडसेट (हँडलचं बेअरिंग) किती वेळा उघडता ते पहिलं.

काणकोणची बाय
कुळागरवाट, क्रोमोली जास्त मऊ चालते हे मला पटत नाही. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आहे. फ्रेम कशी चालते ते नळीचा व्यास आणि भिंत ठरवते. ॲलॉयची नळी रुंद करतात म्हणून फ्रेम कडक होते, धातू कडक म्हणून नाही.

आणि हार्डटेलवर सव्वादोन-अडीच इंची टायर असताना फ्रेमची लवचिकता कितीशी जाणवणार? टायरचाच खालीवर खेळ सेंटिमीटरांत असतो, फ्रेमचा मिलिमीटरांत. कोटीगावच्या बाजूला खडी आणि मुळं दोन्ही भरपूर आहेत. तिथे मला फरक पडला तो ट्यूबलेस करून हवा पस्तीस पीएसआयवरून बावीसवर आणल्यावर. त्याच फ्रेमवर. माझं वजन कमी आहे, तांबडीमाती यांनी मागच्या चाकात पंचवीस-सव्वीस ठेवून सुरुवात करावी. ३१.६ ऐवजी २७.२ मिमीचा सीटपोस्ट बसणारी फ्रेम मिळाली तर तोही थोडा लवतो.

फ्रेमचा साइज बरोबर नसेल तर टायटॅनियमचीही काही किंमत नाही, हे आधी लिहायला हवं होतं.

कुळागरवाट
बाय, टायरचं मान्य. तरी तासन् तास चालवल्यावर हाताला फरक लागतो असं मी म्हणेन. दोन्ही फ्रेमवर तीच चाकं घालून चालवलीय.

काणकोणची बाय
तुमच्या दोन फ्रेमची भूमितीही तीच होती का? हेड अँगल (पुढच्या नळीचा कोन), चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या)? त्यात फरक असेल तर हाताला लागलेलं श्रेय धातूला देता येणार नाही.

पेडण्याचो
फ्रेम कसलीही घ्या, रंग तेवढा तांबडाच घ्या. सत्तरीत एका रविवारनंतर तसाही तोच होणार आहे.

सांखळीकर
+१ 😄 आणि आयडीही जुळतो.

चोर्लाप्रेमी
कार्बनवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. चोर्ला घाट चढणारे बरेच मित्र कार्बनवर आहेत, मीही आहे.

पहिलं म्हणजे वजनाचा मोह आकड्यांत बघा. बऱ्या ॲलॉय फ्रेमपेक्षा कार्बन अर्धा-पाऊण किलो हलकी, क्रोमोलीपेक्षा साधारण एक किलो. स्वार, सायकल, पाणी धरून शंभर किलोच्या आसपास वजन चढवताना एक किलो म्हणजे एक टक्का. तासाभराच्या चढाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. स्पर्धेत हे महत्त्वाचं आहे. रविवारी वर पोचून चहा घ्यायचा असेल तर नाही.

कार्बन गंजत नाही, पण तिच्यात बसवलेले ॲलॉयचे तुकडे गंजतात, आणि दर्याकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम अधिकच. चांगले कारखाने मधे काचतंतूचा थर देतात तो ह्यासाठीच. वापरलेली फ्रेम घेताना बॉटम ब्रॅकेटचं कवच सैल झालंय का ते आधी बघा. क्रँक धरून आडवा हलवा, पेडलला जोर देऊन टिकटिक येते का ऐका. मग चाकं काढून डाउनट्यूबची (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीची) खालची बाजू चांगल्या उजेडात तपासा. आपल्याकडच्या वाटांवर चाकातून जांभ्याचे खडे उडतात ते तिथेच आपटतात. नाण्याने हळू ठोकत जा, ठणठण आवाज मधेच भद्द झाला तर आत थर सुटलेत. वरून नुसता एक ओरखडा दिसेल.

अजून एक: आधीच्या मालकाने क्लँप टॉर्क रेंचने आवळलेत का विचारा. पाच न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं तिथे अंदाजाने आवळणारे पुष्कळ. कार्बन दुरुस्त होते, तडा गेलेला भाग घासून नवे थर चढवतात. पण आत काय झालंय हे न कळता घेतलेली वापरलेली फ्रेम मी ८२ किलोच्या माणसाला सुचवणार नाही. मित्राची असली तरी.

खांडेपार
टायटॅनियमवाला मी. मंडळी गंजाबद्दल जे लिहितायत त्यातलं एकही मला लागू नाही असं वाटून कुणी घेऊ नये. फ्रेमला काही होत नाही हे खरं, रंगही लागत नाही, चिखल धुतला की नवी. पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक घनता, मर्यादेखालचा थकवा नाही. पण तिच्यात घातलेला ॲलॉयचा सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेटचे कप इतर कुठल्याही फ्रेमइतकेच, किंबहुना जास्त लवकर धरतात. साधं ग्रीस पुरत नाही, अँटी-सीझ (भाग जाम होऊ न देणारी पेस्ट) लावावं लागतं.

दुरुस्तीही सोपी नाही. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून वेल्ड करताना नळीच्या आतसुद्धा आर्गॉन भरतात. दोन वर्षं पैसे साठवून घेणार असाल तर आनंदाने घ्या, मला माझी जिवापाड आवडते. पण ती दोन वर्षं बिनसायकलीची जाणार असतील तर घेऊ नका. दोन पावसाळे फुकट घालवण्याइतका फरक तिच्यात नाही.

सत्तरीतला
विषय थोडा सोडून लिहितोय. वाळपईच्या पुढे जाणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथला बराच भाग म्हादई अभयारण्यात येतो. १९९९ पासून. नकाशावर पायवाट दिसते म्हणून शिरू नका, वनखात्याची परवानगी घ्या. काजूच्या बागायतींतून जाणाऱ्या वाटाही कुणाच्या तरी मालकीच्या असतात. मार्च ते मे बोंडू गोळा करायचे दिवस, तेव्हा सायकल हातात धरून चालत गेलात तर माणसं प्रेमाने बोलावतात. दणदणत गेलात तर पुढच्या वर्षी वाटेवर काटे घातलेले दिसतील.

पेडण्याचो
आणि थांबलात तर हुर्राकही (काजूची दारू) मिळतो. मग परतीची सायकल हातातच धरावी लागते.

सत्तरीतला
पेडण्याचो, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

खाणरस्ता
जुन्या खाणरस्त्यांबद्दलही सांगतो. डिचोलीकडे खाणी परत सुरू होऊ लागल्यात, ट्रकचे रस्ते टाळा. बंद खाणींच्या कडा पावसात खचतात. तिथल्या खनिजाच्या बारीक लाल चिखलाने चेन आणि ब्रेकचे पॅड फार लवकर झिजतात. फ्रेमच्या चर्चेत हेही यायला हवं. फ्रेमवर सगळे पैसे घातले तर वर्षातून दोनदा पॅड, चेन, बेअरिंग बदलायला हात आखडतो.

म्हापशेचा मिस्त्री
खाणरस्ता, अगदी बरोबर. आणि फोर्क! त्याचे खालचे पाय बहुतेक मॅग्नेशियमचे असतात. दर्याकाठ यांच्या यादीत सगळ्यात आधी खाल्लं जाणारं तेच. तिथे रंग उडाला की त्याच दिवशी साफ करून टचअप करा. किनाऱ्यावर, ओल्या वाळूत फोटोसाठी सायकल घालणारे दुकानात येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

दर्याकाठ
तांबडीमाती, तुमच्या वापरात दोन भाग आहेत: खाजनाचे बांध आणि सत्तरी. सत्तरीतलं पावसाचं पाणी गोडं आहे, त्याने फारसं बिघडत नाही. बांधावरच्या चिखलातला खार खरा शत्रू. चोडणहून आलात की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका, बादली आणि कपडा पुरे. मग सीटपोस्ट काढून सायकल उलटी करून ठेवा, आत शिरलेलं पाणी तिथून निघतं. खालच्या बाजूची निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलीत का तेही बघा.

तांबडीमाती
देव बरें करूं सगळ्यांचं. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

कार्बनचं चोर्लाप्रेमी यांनी लिहिलेलं मित्राला पाठवलं. त्याने प्रामाणिकपणे कळवलं की डाउनट्यूबला दोन ठिकाणी खडे लागलेत आणि फ्रेम कधी तपासून घेतलेली नाही. तो पर्याय बाद. टायटॅनियम खांडेपार यांच्या सल्ल्याप्रमाणे बाजूला ठेवतो, पावसाळे सोडायचे नाहीत.

राहिले दोन. क्रोमोलीचं मन आहे, पण नेमका चोडण-दिवाडीचा खार आणि माझा व्हरांडा आड येतोय. कुळागरवाट, तुम्ही तुमची आतून कशी सांभाळता?

कुळागरवाट
नवी आली तेव्हाच भाग जोडण्याआधी आतून मेणाचं गंजरोधक मारलं. गाडीच्या दरवाजांच्या आत मारतात तेच, लांब नळीच्या नोझलने. प्रत्येक नळीत, चेनस्टेच्या छोट्या भोकांतूनही. मग फ्रेम चारी अंगांनी फिरवत राहायची, म्हणजे सगळीकडे थर बसतो. पावसाळ्याआधी दरवर्षी पुन्हा. पण माझं घर कुळागरात (बागायतीत) आहे, समुद्र लांब. खरं सांगायचं तर रायबंदरच्या व्हरांड्यात, दर आठवड्याच्या खाजनाच्या फेरीसाठी मीसुद्धा हाच आग्रह धरला नसता. सायकल घरात ठेवायची सोय झाली तर क्रोमोली, नाहीतर ॲलॉय.

सांखळीकर
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!

काणकोणची बाय
सांगितलं होतंत, पण कारण दिलं नव्हतंत. आता दर्याकाठ आणि मिस्त्री यांनी दिलं.

तांबडीमाती
आई सायकल घरात घेऊ देणार नाही, हे निश्चित. मग ॲलॉय ठरली. ६०६१ ची, धागेवाल्या बॉटम ब्रॅकेटची, २७.२ चा पोस्ट बसणारी एक बघून ठेवलीय. वाचलेल्या पैशांत चांगला फोर्क आणि ट्यूबलेस. मीडियम आणि लार्जच्या मधे आहे, उंची १७५ सेंटिमीटर. चालवून बघूनच घेणार.

मिस्त्री, नवी सायकल दुकानातून घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी काय करू?

म्हापशेचा मिस्त्री
उत्तम निवड. धागेवाला बॉटम ब्रॅकेट मागितलात हे फार बरं केलंत, दाबून बसवलेला काढायला दरवेळी हत्यार आणि धाकधूक.

पहिल्या दिवशी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा. नळी आतून कपड्याने पुसा, मग पोस्ट जेवढा आत जातो तेवढ्या सगळ्या लांबीला ग्रीस लावा, नुसतं वर नाही. बाटलीच्या स्टँडचे आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू एकेक करून काढा. स्टँडच्या आणि स्टेमच्या स्क्रूंना आट्यांवर ग्रीस. रोटरच्या (ब्रेकच्या चकतीच्या) स्क्रूंना ग्रीस नको, कारखान्यातून निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) असतं तेच असू द्या, आणि रोटरला बोट लावू नका. पेडलच्या आट्यांना अँटी-सीझ, क्रँक ॲलॉयचा आणि पेडलचा आस पोलादी असतो म्हणून. डाउनट्यूबच्या खाली जाड पारदर्शक टेप, खड्यांसाठी. केबल जिथे रंगाला घासतात तिथेही छोटे तुकडे लावा, कारण रंग गेला की खार तिथूनच आत शिरतो.

मग पावसाळाभर दर महिन्याला पोस्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत. पंधरा मिनिटांचं काम आहे. बॉटम ब्रॅकेट चवथीनंतर माझ्याकडे घेऊन या, किंवा जवळ जो कोण असेल त्याच्याकडे, पण उघडून घ्या.

साइजचं म्हणाल तर दोन्हींवर उभं राहून पेडल मारून बघा. बसून सगळ्याच बऱ्या वाटतात. उतारावर उभं राहिल्यावर हँडल फार लांब किंवा गुडघ्याशी येतंय का ते बघा, आणि दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.